दुरुस्तीनंतरची पहिली गोळी

आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, महाराष्ट्रात शस्त्रे पाटावर येतात. शेतकऱ्याच्या घरी विळा-कोयता, सुताराच्या घरी करवत-रंधा, जुन्या घराण्यांत तलवारी आणि छावण्यांत व पोलीस मुख्यालयांत ओळीने मांडलेल्या रायफली. अहिल्यानगर जिल्ह्यात या पूजेचे अप्रूप अधिक असावे, यात नवल नाही. रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटर आणि लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई ही संस्था या एकाच शहराच्या कुशीत आहेत. के. के. रेंजवरचा तोफांचा आवाज नगरकरांच्या कानांना नवा नाही. विजापूरच्या बुरुजावरची मुलूखमैदान तोफसुद्धा १५४९ साली ओतली गेली ती याच नगरात. गावोगावी माजी सैनिक आहेत आणि त्यांतल्या काहींच्या घरी परवान्याची बंदूकही आहे.

त्या बंदुकीवर खंडेनवमीला हळद-कुंकू वाहिले जाते, झेंडूच्या पाकळ्या पडतात आणि हात जोडले जातात. श्रद्धेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु कुंकवाचा कण आणि पाकळीचा तुकडा बोल्टच्या खाचेत जाऊन बसला, तर तो तिथे तेलाशी मिसळून चिकटतो. वर्षभर कोणी बोल्ट बाहेर काढलाच नाही, तर पुढच्या खंडेनवमीला तो तिथेच असतो. ज्याची पूजा करायची ते शस्त्र आधी पुसायचे आणि पूजेनंतर पुन्हा पुसायचे, हा जुना शिरस्ता आज किती घरांत पाळला जातो, हा प्रश्न आहे. त्याहून मोठा प्रश्न असा की, कारागिराकडून नुकतीच दुरुस्त होऊन आलेली आणि सर्वांनी 'आता ठीक आहे' असे गृहीत धरलेली बंदूक वेळेला चालेल काय?

नेहमीचे चित्र असे असते. उसाच्या पट्ट्यात, गावापासून दूर वस्तीवर एक कुटुंब राहते. घरातला कर्ता पुरुष सैन्यातून निवृत्त झालेला. रात्री वस्तीवर दरोडा पडण्याची धास्ती खरी आहे, म्हणून त्याने परवाना घेऊन .३१५ बोअरची रायफल घेतली. ही रायफल सरकारी कारखान्यात बनलेली, जुन्या ३०३ च्या घराण्यातली, हाताने बोल्ट मागे-पुढे करून चालवायची. (उसात बिबट्याही असतो, पण वन्यजीव संरक्षण कायद्याने बिबट्याला सर्वोच्च संरक्षण दिलेले आहे आणि ही रायफल त्याच्यासाठी नाही, हे त्या माजी सैनिकाला ठाऊक असते.) निवडणुकीची आचारसंहिता लागते, शस्त्र पोलीस ठाण्यात जमा होते, कित्येक आठवडे तिथे राहते आणि निवडणूक आटोपली की परत मिळते. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका एका वर्षात झाल्या. ऐन पावसाळ्यात घडीत बांधून ठेवलेल्या शस्त्राला गंज चढतो. पर्जन्यछायेतल्या नगरच्या बाजूला गंजापेक्षा धूळ अधिक, आणि जुन्या तेलात मिसळलेली धूळ गंजाहून कमी त्रासदायक नसते. बोल्ट जड चालू लागतो. मालक शहरातल्या कारागिराकडे जातो. कारागीर स्प्रिंग बदलतो, कुठे कानस मारतो, पॉलिश करतो, पैसे घेतो. रायफल चकाकत घरी येते आणि कपाटात जाते.

ती रायफल कोणीही झाडून पाहिलेली नसते.

कारागिराने झाडली नाही, कारण चाचणीसाठी त्याच्याकडे सुरक्षित जागा नाही. मालकाने झाडली नाही, कारण परवान्यावर काडतुसांची संख्या ठरलेली आहे, काडतूस महाग आहे आणि 'एक गोळी वाया कशाला घालवा' हा विचार मध्यमवर्गीय घरात फार स्वाभाविक आहे. लग्नाच्या वरातीत किंवा दसऱ्याला हवेत बार काढून बंदूक 'तपासण्याची' प्रथा काही भागांत होती. २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्र कायद्यात अशा गोळीबारास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत, आणि ते योग्यच आहे. हवेत गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच. परंतु चुकीचा मार्ग बंद झाला म्हणून योग्य मार्ग आपोआप उघडत नाही. परिणामी दुरुस्तीनंतरची पहिली गोळी ही बहुधा खऱ्या संकटाच्या रात्रीची गोळी ठरते. चाप ओढला जातो, 'टक्' असा आवाज होतो आणि पुढे काहीच घडत नाही.

सैन्यात या अवस्थेला एक साधा शब्द आहे, 'रोक'. शस्त्र चालता चालता थांबले की ती रोक, आणि ती दूर करण्याची पहिली कृती म्हणजे 'फौरी इलाज'. रंगरूटाला शस्त्र चालवायला शिकवतात त्याच वेळी ते थांबले तर काय करायचे हेही शिकवतात. शस्त्र थांबू शकते हे मान्य करूनच शिक्षणाला आरंभ होतो. समाजात मात्र शस्त्राविषयी बोलताना एक तर भीती असते, नाहीतर अभिमान. दोहोंच्या मध्ये जी माहिती हवी, ती नसते.

ती माहिती फार गूढ नाही. 'टक्' झाले आणि बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेलाच धरून किमान अर्धा मिनिट थांबायचे, कारण काडतूस कधी कधी उशिरा पेट घेते. मग ते बाहेर काढून त्याच्या बुडाकडे पाहायचे. टोपीवर फायरिंग पिनचा ठसा खोल उमटला असेल आणि तरीही बार झाला नसेल, तर दोष बहुधा काडतुसाचा. ठसा उथळ असेल, तर स्प्रिंग कमजोर आहे किंवा बोल्टच्या आत घट्ट झालेले वंगण पिनची धाव अडवते आहे. ठसाच नसेल, तर पिन तुटली आहे किंवा आखूड झाली आहे. बार झाला पण रिकामे पुंगळे बाहेर येत नसेल, तर एक्सट्रॅक्टरची नखी झिजली असावी किंवा काडतूस बसते ती जागा खरखरीत झाली असावी. आणि बाहेर आलेले पुंगळे बुडाजवळ फुगले असेल, त्यावर चकाकती वर्तुळाकार रेघ किंवा चीर दिसत असेल, तर दुसरी गोळी झाडायची नाही. बोल्ट आणि नळी यांच्यातील अंतर वाढले असल्याचे ते लक्षण आहे. ते दुर्लक्षिले तर पुढचा वायू नळीऐवजी तोंडावर येऊ शकतो. तिथे घरगुती उपाय संपतात आणि शस्त्र जाणकाराच्या हाती द्यावे लागते.

या सगळ्याच्या आधी एक प्रश्न विचारायचा असतो, आणि दुरुस्तीनंतरच्या बिघाडात तोच सर्वांत महत्त्वाचा असतो. पूर्वी चालत होते ते आता चालत नाही, तर मधल्या काळात बदलले काय? कोणता भाग काढला, कोणता नवा घातला, कुठे कानस लागली? पहिला संशय त्या भागावर. दुर्दैवाने याचे उत्तर कारागिराच्या स्मरणात असते, कागदावर नसते. सायकलच्या दुकानात जेवढी पावती मिळते, तेवढीही पुष्कळदा मिळत नाही.

जुन्या ३०३ चा अनुभव बोलका आहे. त्या रायफलीच्या बोल्टवर रायफलचाच क्रमांक कोरलेला असे, कारण प्रत्येक बोल्ट आपल्या नळीशी जुळवून घेतलेला असे. 'नंबर ४' या प्रकारात तर बोल्टच्या टोकाचे ० ते ३ अशा चार मापांचे तुकडे असत. झीज वाढली की पुढचे माप बसवून अंतर पुन्हा नेमके करायचे. आता कल्पना करावी की वीस रायफली एकदम स्वच्छतेसाठी उघडल्या, बोल्ट एका घमेल्यात टाकले आणि परत बसवताना क्रमांक पाहिले नाहीत. प्रत्येक रायफल स्वच्छ आणि प्रत्येक बोल्ट निर्दोष असेल. तरीही त्यांतल्या काही रायफली धोक्याच्या ठरतील. दोष धातूत नसतो, जुळणीत असतो. १९६२ नंतर सैन्यात ३०३ ची जागा घेणाऱ्या एसएलआरची गोष्ट त्याहून चमत्कारिक. तिच्या पुढच्या बाजूस गॅस प्लग असतो. साफसफाईनंतर तो ग्रेनेड फेकण्याच्या स्थितीत बसवला गेला, तर वायू मागे येत नाही आणि प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढावा लागतो. जवान म्हणतो, रायफल बिघडली. रायफल बिघडलेली नसते. कोणाच्या तरी हातून एक तुकडा अर्ध्या फेऱ्याने चुकलेला असतो. गॅस रेग्युलेटर नीट लावला नाही, तरी तीच कथा.

मग हाताला दोष द्यावा काय? इथे घाई करणे घातक आहे, आणि जगातील सर्वांत संपन्न सैन्याने ती घाई करून पाहिलेली आहे. व्हिएतनाम युद्धात १९६६-६७ मध्ये अमेरिकेची नवी एम-१६ रायफल ऐन चकमकीत अडकू लागली. पुंगळी बाहेर येईनात. आरंभीची अधिकृत भूमिका अशी की जवान शस्त्र स्वच्छ ठेवत नाहीत. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने चौकशी केली आणि तोच साधा प्रश्न विचारला, चाचणीनंतर बदलले काय? उत्तर निघाले, काडतुसातील दारू बदलली होती. नव्या दारूची घाण अधिक साचे आणि रायफलीचा वेग वाढे. काडतुसाच्या जागेला क्रोमचा मुलामा दिलेला नव्हता. शिवाय या शस्त्राला फारशा सफाईची गरज नाही, अशा समजुतीने साफसफाईचे साहित्यही जवानांना पुरेसे दिलेले नव्हते. मुलामा आला, साहित्य आले, शिकवण बदलली आणि तीच रायफल पुढे दशकानुदशके टिकली. जवानांची तक्रार खरी होती. ती खरी मानायला लागलेल्या काळाची किंमत मात्र जवानांनी मोजली.

भारताच्या इन्सास रायफलीकडे या प्रकाशात पाहिले पाहिजे. पुण्याच्या पाषाण येथील एआरडीईने तिची रचना केली, इच्छापूर, कानपूर व तिरुचिरापल्लीच्या कारखान्यांनी ती घडवली आणि १९९० च्या दशकात ती सैन्याच्या हाती आली. स्वदेशी रायफल असावी, हा आग्रह शंभर टक्के योग्य होता. १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत प्लॅस्टिकची मॅगझिने तडकल्याच्या तक्रारी आल्या; तीन गोळ्यांच्या टप्प्यावर ठेवलेली रायफल सलग सुटते, तेलाचे शिंतोडे डोळ्यांत उडतात, असेही जवान सांगत होते. ऑगस्ट २००५ मध्ये नेपाळच्या कालिकोट जिल्ह्यात माओवाद्यांशी झालेल्या प्रदीर्घ चकमकीत नेपाळी सैन्याचे ४३ जण मारले गेले, तेव्हा तेथील सैन्याने भारतीय बनावटीच्या इन्सासकडे बोट दाखवले. शस्त्रात दोष नाही, हाताळणी तपासा, असा सूर इकडून निघाला. २०१४ मध्ये नक्षलग्रस्त भागात लढणाऱ्या केंद्रीय राखीव पोलीस दलानेच इन्साससाठी पर्याय मागितला.

या काळात देशात दोन प्रकारचे आवाज उमटले. एका बाजूला भारतीयांना धड रायफलही बनवता येत नाही, असे म्हणत परदेशी मालाची भलामण करणारे. दुसऱ्या बाजूला तक्रार म्हणजेच स्वदेशीचा अवमान, असे मानणारे. पहिल्यांचा पराभूत वृत्तीचा सूर ओळखीचा आहे आणि त्याचा समाचार वेळोवेळी घेतला गेला आहे. दुसऱ्यांविषयी मात्र कमी बोलले जाते, कारण ते आपले वाटतात. स्वदेशी शस्त्राची तक्रार करणारा जवान स्वदेशीचा शत्रू नसतो. उलट त्या शस्त्राची सर्वांत कठोर आणि सर्वांत प्रामाणिक चाचणी तोच घेत असतो, आणि ती घेताना स्वतःचा प्राण पणाला लावत असतो. त्याची तक्रार कारखान्यापर्यंत नेमक्या शब्दांत, कोणत्या तापमानाला, कितव्या गोळीला, कोणत्या तुकडीच्या काडतुसाने, अशा तपशिलासह पोहोचली, तरच पुढची आवृत्ती सुधारते. सुधारणा झाल्याही. पण शस्त्रावरचा विश्वास एकदा उडाला की सुधारलेली आवृत्तीही संशयाने हाताळली जाते. २०१९ मध्ये सैन्याने अमेरिकी सिग ७१६ घेतली आणि त्याच वर्षी अमेठीजवळ कोरवा येथे रशियाच्या सहकार्याने एके-२०३ घडवण्याचा प्रकल्प उभा राहिला. १ ऑक्टोबर २०२१ पासून जुने आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले. आता तरी तक्रारीचा कागद कोणाच्या मेजावर थांबतो, हे पाहता येईल अशी आशा आहे.

पोलिसांची बाजू याहून करुण. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ समोर आपल्या पोलिसांच्या हाती लाठ्या आणि ३०३ होत्या. नंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने सरावासाठी दारूगोळ्याची चणचण नोंदवली. सराव नाही म्हणजे केवळ नेम चुकतो असे नव्हे. शस्त्रागारातील कोणती रायफल अडकते, हेही कोणाला कळत नाही. सरावाच्या मैदानावर उघड झालेली रोक ही नशिबाची गोष्ट मानली पाहिजे. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी ३०३ ला मानवंदना देऊन निरोप दिला. जुन्या शस्त्राला निरोप देणे चांगले, पण तपासणीची जुनी शिस्तही त्याच्याबरोबर निवृत्त झाली, तर नव्या रायफलीचाही उपयोग नाही.

आणि शेवटी कारागीर. या देशात शस्त्र घडवणाऱ्या आणि उजळणाऱ्या हातांची परंपरा होती. लोहार होते, शिकलगार होते. नुसत्या पात्याच्या आवाजावरून पोलादाची जात सांगणारे लोक होते. १८५७ नंतर इंग्रजांना निःशस्त्र समाज हवा होता. १८७८ च्या शस्त्र कायद्याने तो घडवला आणि त्याबरोबर या हातांचे कामही गेले. शिकलगारांच्या वाट्याला चाकू-सुऱ्यांना धार लावणे उरले. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. त्याच्या कलम ५ नुसार शस्त्राची दुरुस्ती किंवा चाचणी करायची तरी परवाना लागतो. ही अट आवश्यकच आहे. बिनपरवाना कट्टे बनवणाऱ्यांना मोकळीक कोणी मागणार नाही. परंतु ज्याला परवाना दिला, त्याला शिक्षण कोणी दिले? सैन्यात ईएमईकडे 'आर्मरर' असा स्वतंत्र व्यवसाय आहे, त्याचे रीतसर प्रशिक्षण आहे, मोजमापाची गेज आहेत. बाहेर मात्र बहुतांशी बापाकडून मुलाकडे जेवढे आले तेवढेच. त्यांतले अनेक उत्तम हातांचे आहेत, हे नमूद केलेच पाहिजे. मोजपट्टी आणि चाचणीची जागा यांच्याशिवाय उत्तम हातही अंदाजानेच काम करतो. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमचे प्रूफ हाऊस १८१३ पासून नळ्यांची परीक्षा घेत आले आहे, आणि १८६८ च्या तिथल्या कायद्यानुसार दुरुस्तीत किंवा झिजेने नळी ठरावीक मर्यादेपलीकडे रुंदावली, तर पुन्हा परीक्षा झाल्याखेरीज ती बंदूक विकता येत नाही. ज्यांनी इथल्या समाजाच्या हातून शस्त्र काढून घेतले, त्यांनी स्वतःच्या घरी ही काळजी घेतली होती.

अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यात या उणिवेवर उपाय करणे अशक्य नाही. ज्यांनी आयुष्यभर रायफली उघडल्या-जोडल्या असे निवृत्त आर्मरर महाराष्ट्राच्या सैनिकी परंपरेच्या गावांतून आहेत. पोलीस मुख्यालयाकडे शस्त्रागार आहे, तज्ज्ञ कर्मचारी आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. माजी सैनिकांच्या संघटना आहेत. वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर आणि खंडेनवमीपूर्वी, पोलिसांच्या देखरेखीखाली सुरक्षित मैदानावर परवानाधारकांच्या शस्त्रांची तपासणी ठेवता येईल. निवडणुकीनंतर ठाण्यातून शस्त्र परत देताना त्याच्या अवस्थेची एका ओळीची नोंद करता येईल. दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने काय बदलले, काय घासले, कोणता क्रमांक कुठे बसवला, हे लिहून द्यावे, अशी अट त्याच्या परवान्यात घालता येईल. चाचणीसाठी लागणारी पाच काडतुसे परवान्याच्या संख्येबाहेर धरावीत आणि त्यांची पुंगळी तिथेच जमा करून घ्यावीत, म्हणजे गैरवापराला जागा राहणार नाही. माशीला हात लागला असेल, तर तिथेच नेम पुन्हा जुळवून घेता येईल.

यासाठी नवा कायदा लागत नाही. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांनी एकत्र बसून एक परिपत्रक काढावे लागते, आणि माजी सैनिकांच्या संघटनांनी त्यासाठी त्यांच्या दारात जावे लागते. खंडेनवमीच्या आधी पंधरवडाभर जरी हे काम हाती घेतले, तरी त्या दिवशी पाटावर येणाऱ्या निदान काही रायफलींच्या बोल्टमध्ये गेल्या वर्षीची पाकळी सापडणार नाही.